श्यामरावनगरातला तो फ्लॅट घ्यावा का? राहणाऱ्यांची उलटसुलट मतं आणि माझं उत्तर

तुमचा प्रश्न आधी थोडक्यात मांडतो, म्हणजे बाकीच्यांनाही संदर्भ लागेल. सांगलीत श्यामरावनगर भागात बावीसएक वर्षांपूर्वी बांधलेलं दोन विंगचं, चोवीस फ्लॅटचं अपार्टमेंट. दुसऱ्या मजल्यावरचा टू बीएचके रिसेलमध्ये मिळतोय, आसपासच्या भावापेक्षा बराच कमी. सोबत आई-वडील राहणार. एजंटवर न विसंबता तुम्ही स्वतः जाऊन राहणाऱ्यांशी बोललात आणि तिथेच गोंधळलात. समोरच्या फ्लॅटमधल्या काकू म्हणाल्या, 'शेजार माहेरासारखा आहे, आम्ही इथून हलणार नाही.' सगळ्यात वरच्या मजल्यावरचे काका म्हणाले, 'पावसाळ्यात हॉलमध्ये बादल्या मांडतो.' पहिल्या मजल्यावरच्यांनी चेंबर तुंबण्याचं आणि पुराचं रडगाणं सांगितलं. एका भाडेकरूला काहीच त्रास नव्हता. आणि एकजण म्हणाला, 'मी चार वर्षं मेंटेनन्स भरत नाही, कशाला भरू?' यातलं कोणाचं खरं धरायचं, हे तुम्हाला हवंय.

मी सिव्हिल इंजिनिअर आहे. सांगली-मिरजेत इमारतींची तपासणी, दुरुस्ती आणि बँकांसाठी व्हॅल्युएशन हे माझं रोजचं काम. माझ्या मते पाचही जण खरं बोलताहेत. पत्ता एकच असला तरी वरच्या मजल्याची आणि पहिल्या मजल्याची इमारत वेगळी असते, मालकाची आणि भाडेकरूची तर आणखी वेगळी. म्हणून पाच मतांची सरासरी काढू नका. प्रत्येकाचं बोलणं कुठल्या पाइपाशी, कुठल्या स्लॅबशी आणि कुठल्या कागदाशी जुळतं ते बघा. मला यातलं सगळ्यात गंभीर वाटलं ते शेवटचं वाक्य. गळती बुजवता येते. 'कशाला भरू?' या प्रश्नाला त्या इमारतीत कोणाकडेच उत्तर नसेल, तर साधा नळ बदलायलाही दोन वर्षं लागतात.

आधी वरच्या मजल्याचं बघू. आपल्याकडच्या त्या काळातल्या गच्च्यांवर विटांच्या तुकड्यांचा कोबा, म्हणजे पाणी अडवणारा उताराचा थर असतो. पंधरा-वीस वर्षांत त्याला भेगा जातात, पॅरापेटच्या, म्हणजे कठड्याच्या कडेची गोलाई सुटते, पाणी खाली शिरतं आणि कोब्यातच साठून राहतं. पाऊस थांबल्यावर चार दिवसांनीही छत टिपकत असेल तर पाणी कोब्यात मुरलंय असं समजा. अशा वेळी वरून वॉटरप्रूफिंगचा रंग फासला की पहिला पावसाळा बरा जातो, दुसऱ्याला फुगे येतात, कारण आतली ओल आतच कोंडलेली असते. खरा उपाय जुना कोबा काढून स्लॅब उघडा करणं, तडे भरणं, उतार देऊन नवं काम करणं. सांगलीत बरेच जण पत्र्याचं शेड मारून मोकळे होतात. त्याला महापालिकेची परवानगी लागते. शेडने पाऊस अडतो हे खरं, पण स्लॅबच्या सळईला आधीच लागलेला गंज तसाच राहतो.

भांडण मात्र कामावरून होत नाही, पैशांवरून होतं. 'गच्ची तुमच्या डोक्यावर, खर्च तुमचा' हे वाक्य मी असंख्य मीटिंगमध्ये ऐकलंय, आणि ते साफ चुकीचं आहे. गच्ची सगळ्यांची. गृहनिर्माण संस्थांच्या आदर्श उपविधींप्रमाणे, म्हणजे सरकारने ठरवून दिलेल्या नमुना नियमांप्रमाणे, पावसाच्या पाण्याची गळती, बाहेरच्या सामाईक पाइपांची गळती आणि त्यामुळे वरच्या मजल्याच्या छताचं पडलेलं प्लास्टर हा खर्च संस्थेचा. फ्लॅटच्या आतल्या बाथरूम-संडास-सिंकमधून होणारी गळती ज्याची त्याने दुरुस्त करायची. त्या काकांना एकच विचारा: 'गच्चीचं काम शेवटचं कधी झालं आणि पैसे कोणी दिले?' चोवीस जणांनी वर्गणी काढून केलं असेल तर ती इमारत निम्मी सुधारलेली आहे. काकांनी एकट्याने खिशातून केलं असेल, तर उद्या तुमच्यावर वेळ आली की तुम्हीही एकटेच.

तुम्ही घेताय तो मधला मजला, त्यामुळे तुमचा संबंध गच्चीपेक्षा वरच्या बाथरूमशी जास्त येईल. फ्लॅट बघताना बेडरूमची सजावट राहू द्या, बाथरूमचं छत आणि त्याला लागून असलेली भिंत बघा. ताजा रंग फक्त तेवढ्याच कोपऱ्याला दिलेला असेल तर थांबा. ओल कुठून येते हे ओळखायची रीत सोपी आहे. वरच्यांनी अंघोळी केल्या की डाग वाढतो, दुपारनंतर सुकतो, असं असेल तर नहाणी ट्रॅप (बाथरूमच्या फरशीतलं पाणी जायचं जाळीचं भोक) किंवा सांडपाण्याचा जोड गेलेला. कोणी गावाला गेलं तरी ओल तशीच राहत असेल तर भिंतीतली पुरवठ्याची लाइन झिरपतेय, कारण तिच्यात पाण्याचा दाब कायम असतो. फक्त पावसात येत असेल तर बाहेरची भिंत किंवा डक्ट, म्हणजे पाइप जाणारी उघडी पोकळी बघा. खात्रीच करायची तर वरच्या बाथरूमचं ते भोक बोळा घालून बंद करायचं, दोन इंच रंगीत पाणी चोवीस तास उभं करायचं आणि खाली रंग उतरतो का ते पाहायचं. दहा रुपयांच्या रंगाने मिटणारी भांडणं लोक वर्षानुवर्षं कोर्टापर्यंत नेतात याचं मला फार वाईट वाटतं. वर-खालच्या घरांचं बोलणं तुटतं, मुलांचं खेळणं थांबतं, आणि कारण असतं एक फुटका ट्रॅप.

आता भेगा. श्यामरावनगरची जमीन काळी, भाग सखल. काळी माती पावसात फुगते आणि उन्हाळ्यात आक्रसते. त्यामुळे कंपाउंडच्या भिंतीला, पार्किंगच्या फरशीला, तळाच्या विटांच्या भिंतींना भेगा पडतात. त्या बहुधा तिरप्या किंवा पायऱ्या-पायऱ्यांच्या असतात, खिडकीच्या कोपऱ्यातून निघतात, एप्रिल-मेमध्ये रुंदावतात आणि पावसाळ्यात मिटल्यासारख्या दिसतात. दिसायला भयंकर, पण कॉलमचे पाये खोल, पक्क्या थरावर नेलेले असतील तर इमारतीच्या सांगाड्याला त्यांनी सहसा धोका नसतो. खरी काळजी करायची ती दुसऱ्या भेगेची. कॉलमच्या किंवा बीमच्या कोपऱ्याला धरून सरळ रेषेत जाणारी, सळईच्या बरोबर वरून धावणारी, कडेला तपकिरी डाग असलेली. सळई गंजली की गंज लोखंडापेक्षा जास्त जागा घेतो आणि आतून काँक्रीट फोडतो. अशी भेग ऋतूप्रमाणे मिटत नाही, वाढतच जाते.

पार्किंगमध्ये गाड्यांच्या मागे वाका आणि कॉलमचा जमिनीलगतचा दोन फूट भाग नीट बघा. तिथे प्लास्टर फुगलंय का, पांढरे क्षार फुटलेत का. छोट्या हातोडीने हलकेच टकटक करा. धड काँक्रीट खणखणीत आवाज देतं, सुटलेलं काँक्रीट बद्द, पोकळ वाजतं. शंका आली तर तज्ज्ञाकडून रिबाउंड हॅमर (ठोका मारून कठीणपणा बघणारी), अल्ट्रासोनिक (ध्वनिलहरींनी आतल्या पोकळ्या शोधणारी) आणि कार्बोनेशनची चाचणी करून घ्यायला सांगा. कार्बोनेशन चाचणीत ताज्या फोडलेल्या काँक्रीटवर फिनॉल्फ्थॅलीन मारतात. काँक्रीट गुलाबी झालं तर त्यातला अल्कधर्म शाबूत आहे आणि सळईला संरक्षण आहे. रंग आलाच नाही तर ते संरक्षण संपलंय. आदर्श उपविधींनुसार पंधरा ते तीस वर्षांच्या इमारतीचं स्ट्रक्चरल ऑडिट पाच वर्षांतून एकदा आणि तीस वर्षांनंतर तीन वर्षांतून एकदा करायचं असतं. तुमच्या इमारतीचं एकदा तरी झालं पाहिजे होतं. रिपोर्ट मागा. 'आहे कुठेतरी' हे उत्तर आलं तर झालं नाही असं धरा.

पहिल्या मजल्यावरच्यांचं चेंबरचं आणि पुराचं दुखणं तर शहराचंच आहे. सखल भागात ड्रेनेजला उतार मिळत नाही, पावसाळ्यात जमिनीतलं पाणी वर येतं, सेप्टिक टँक भरतो आणि घाण आधी खालच्यांच्या नहाणीतून वर येते. वरच्या मजल्यांना याचा पत्ताही नसतो. म्हणून काकूंचं आणि त्यांचं मत इतकं वेगळं. पुराचं म्हणाल तर सांगलीतल्या आयर्विन पुलाजवळ कृष्णेची इशारा पातळी ४० फूट आणि धोका पातळी ४५ फूट. ऑगस्ट २०१९ मध्ये पाणी ५७ फुटांच्या वर गेलं. २००५ आणि २०२१ चे पूरही लोकांना विसरता येत नाहीत. पुलाजवळ किती फूट झाले की आपल्या गेटात पाणी येतं, हा आकडा प्रत्येक इमारतीच्या जुन्या रहिवाशाला पाठ असतो. तो विचारून घ्या. २०२१ नंतर राहायला आलेल्याला तो माहीत नसणार, त्यामुळे 'इथे पाणी येत नाही' हे त्याचं म्हणणं प्रामाणिक असलं तरी उपयोगाचं नाही.

दुसऱ्या मजल्यावर पाणी येणार नाही म्हणून निश्चिंत होऊ नका. मीटरचे बोर्ड पार्किंगमध्ये खाली असतील तर वीज जाते. वीज गेली की मोटर बंद, लिफ्ट बंद, वरची टाकी रिकामी. जमिनीखालच्या टाकीत गढूळ पाणी शिरलं तर पूर ओसरल्यावरही आठ-दहा दिवस टँकर. वयस्कर आई-वडिलांना घेऊन अशा वेळी तुम्ही वर अडकता. पुरानंतर त्या लोकांनी मीटर बोर्ड उंचावर घेतले का, टाकीचं तोंड जमिनीपासून वर बांधून काढलं का, पंप उचलून ठेवायची सोय केली का, हे डोळ्यांनी बघून या. ज्यांनी हे केलंय ते लोक एकत्र बसून निर्णय घेतात याचा याहून चांगला पुरावा नाही. काकूंच्या 'चांगल्या शेजाराला' मी कमी लेखत नाही. पुराच्या दिवसांत खालच्यांना घरात घेणारा, त्यांच्या दोन वेळच्या जेवणाची सोय बघणारा शेजार ही मोठी गोष्ट आहे. ती किमतीत धरता येत नाही, पण तुम्ही जरूर धरा.

आता मुख्य गोष्ट, म्हणजे ते मेंटेनन्स न भरणारे गृहस्थ. त्यांना लबाड ठरवण्याआधी त्यांची बाजू ऐका. अशा इमारतींत मला वारंवार दिसतं ते असं: बिल्डरने फ्लॅट विकले, पण जमीन राहणाऱ्यांच्या नावे केलीच नाही. न विकलेले दोन-तीन फ्लॅट आणि गच्चीचा हक्क स्वतःकडे ठेवला, त्या फ्लॅटचा मेंटेनन्स कधी दिला नाही. दोघं-तिघं उत्साही लोक वर्गणी गोळा करत राहिले, पण ना धड हिशोब, ना मीटिंगची नोंद. मग एकाने भरणं बंद केलं, त्याचं बघून दुसऱ्याने. आता कोणाला वसुलीचा अधिकार आहे हेच ठरत नाही. अशा ठिकाणी चांगली माणसंही एकमेकांशी वाईट वागायला लागतात.

म्हणून पहिला प्रश्न विचारा: इथे सहकारी गृहनिर्माण संस्था आहे की अपार्टमेंट असोसिएशन? आपल्याकडे १९७० च्या अपार्टमेंट मालकी कायद्याखाली डिक्लरेशन (इमारत आणि प्रत्येकाचा हिस्सा नोंदवणारा दस्त) करून, प्रत्येकाला डीड ऑफ अपार्टमेंट, म्हणजे फ्लॅटचा मालकी दस्त देऊन असोसिएशन करण्याची पद्धत बरीच आहे. दोन्हींत फरक आहे. संस्थेत सेवाशुल्क सगळ्या फ्लॅटना सारखं. असोसिएशनमध्ये सामाईक खर्च डिक्लरेशनमधल्या अविभक्त हिश्श्याच्या टक्केवारीने, म्हणजे मोठ्या फ्लॅटला जास्त. कितीतरी भांडणं केवळ हे माहीत नसल्यामुळे होतात. संस्था असेल तर थकबाकीसाठी सहकार कायद्याच्या कलम १५४ ब-२९ खाली वसुलीचा दाखला मिळवून जमीन महसुलाच्या थकबाकीप्रमाणे वसुली करता येते. शिवाय आदर्श उपविधींप्रमाणे दरवर्षी बांधकाम खर्चाच्या किमान पाव टक्का सिंकिंग फंड (मोठ्या कामांसाठीची राखीव गंगाजळी) आणि पाऊण टक्का दुरुस्ती निधी जमवायचा असतो. तुमच्या इमारतीत बँक खात्यावर हा पैसा किती आहे ते बघा. बावीस वर्षांनी खात्यात काहीच नसेल तर गच्ची, पाइप, लिफ्ट सगळ्यांचा खर्च एकदम अंगावर येणार, आणि तुम्ही नवे मालक म्हणून त्यात सापडणार.

जमिनीचा प्रश्न मालमत्ता पत्रक किंवा सातबारा काढला की पाच मिनिटांत कळतो. मालक म्हणून अजून बिल्डरचं किंवा मूळ शेतमालकाचं नाव असेल तर कन्व्हेयन्स, म्हणजे जमिनीच्या मालकीचं हस्तांतरण झालेलं नाही. १९६३ च्या मोफा, म्हणजे महाराष्ट्र सदनिका मालकी कायद्याने संस्था झाल्यावर चार महिन्यांत ते करून देणं बिल्डरला बंधनकारक होतं. त्याने टाळलं तर २००८ पासून मानीव अभिहस्तांतरणाचा मार्ग आहे, रोजच्या बोलण्यातलं 'डीम्ड कन्व्हेयन्स'. जिल्हा उपनिबंधकांकडे नमुना ७ मध्ये अर्ज करायचा, बिल्डरची सही लागत नाही, आणि सहा महिन्यांत निर्णय व्हावा अशी कायद्यात तरतूद आहे. कागद गोळा करायला लोक कंटाळतात, पण हे काम झालं नाही तर पुढे इमारत पाडून नव्याने बांधायची वेळ आली की वाढीव बांधकामाच्या हक्कावर भलताच माणूस दावा सांगतो. श्यामरावनगरात गुंठेवारीचे, म्हणजे मंजुरीशिवाय गुंठ्या-गुंठ्याने विकलेले प्लॉट भरपूर आहेत, म्हणून जमीन बिनशेती आहे का, गुंठेवारी नियमितीकरणाचा दाखला आहे का आणि महापालिकेचं भोगवटा प्रमाणपत्र आहे का, हे तिन्ही एकाच फेरीत बघून घ्या. भोगवटा नसेल तर पुढे तुमच्याकडून घेणाऱ्याला बँक अडवते. आज भाव कमी आहे त्यामागे हेच कारण असू शकतं.

पार्किंगबद्दल विक्रेता 'स्वतंत्र पार्किंग विकत घेतलंय' असं सांगत असेल तर ऐकून सोडून द्या. सर्वोच्च न्यायालयाने २०१० मध्ये नहालचंद लालूचंद खटल्यात स्टिल्टखालची, म्हणजे कॉलमवर उभ्या इमारतीच्या तळाची मोकळी जागा बिल्डरला वेगळी विकता येत नाही, ती सामाईक असते, असं स्पष्ट केलंय. त्यासाठी वेगळे पैसे मोजू नका.

काहींनी तुम्हाला रेरात, म्हणजे बिल्डरांवर नियंत्रण ठेवणाऱ्या प्राधिकरणाकडे जायचा सल्ला दिलाय. तुमच्या इमारतीला त्याचा उपयोग नाही, ती त्याच्या कितीतरी आधी पुरी झाली. नवीन इमारत बघत असाल तर रेराखाली ताबा दिल्यापासून पाच वर्षं बांधकामातले दोष बिल्डरने स्वखर्चाने दुरुस्त करायचे असतात. पण पाचशे चौरस मीटरपर्यंतची जमीन किंवा आठपर्यंतचे फ्लॅट असलेल्या प्रकल्पाला रेरा नोंदणी लागत नाही. पाच गुंठ्यांच्या आतल्या प्लॉटवर उभी राहणारी आपल्याकडची कितीतरी अपार्टमेंट यामुळे रेराबाहेरच राहतात.

माणसांकडून माहिती काढायचीही एक रीत असते. 'कसं वाटतं इथे?' असं विचारलं की स्वभावाप्रमाणे उत्तर मिळतं. त्याऐवजी विचारा: पाण्याची टाकी शेवटची कधी धुतली? मोटर जळाली तेव्हा मिस्त्रीला फोन कोणी केला, पैसे किती दिवसांत जमले? भाडेकरूच्या 'त्रास नाही' याला मर्यादा आहेत, कारण गच्चीची वर्गणी त्याच्याकडे कोणी मागत नाही. स्वतःचा फ्लॅट विकायला काढलेला माणूस दोष सांगणार नाही. सगळ्यात जास्त तक्रारी करणारा मात्र बहुतेक वेळा नियमित पैसे भरणारा आणि मीटिंगला येणारा असतो. त्याला चहाला बोलवा, इमारतीचा सगळा इतिहास त्याच्याकडे मिळेल. मग प्रोसिडिंग बुक बघायला मागा. दोन-तीन वर्षांच्या सभांची इतिवृत्तं वाचली की कोण अडवतं, कोण काम करतं, कुठलं काम रखडलंय हे तुम्हाला राहायला जाण्याआधीच समजेल.

माझा कौल विचारलात म्हणून सांगतो. कॉलम धड असतील आणि कारभार पाहणारी नोंदणीकृत संस्था किंवा असोसिएशन चालू असेल, तर गळती, चेंबर, जुने पाइप असूनही मी हा फ्लॅट घ्या म्हणेन. दुरुस्तीचा अंदाज काढून त्यातला तुमच्या वाट्याचा हिस्सा किमतीतून वळता करा. कॉलमला गंजाच्या भेगा आहेत आणि कारभार बघणारं कोणीच नाही, असं असेल तर निम्म्या किमतीत मिळाला तरी घेऊ नका. कॉलम चांगले पण कारभार नाही अशी मधली परिस्थिती असेल, आणि माझा अंदाज तोच आहे, तर किमान दहा-बारा घरं असोसिएशन चालू करायला आणि डीम्ड कन्व्हेयन्सला तयार आहेत का ते आधी बघा. काकू आणि वरच्या मजल्यावरचे काका यांना एकत्र बसवा. दोघांना ती इमारत हवी आहे, फक्त एकमेकांचं मजल्याचं दुःख माहीत नाही.

टोकन देण्याआधी विक्रेत्याकडून मेंटेनन्सच्या थकबाकीचा निल दाखला, घरपट्टी-पाणीपट्टीच्या चालू पावत्या आणि महावितरणचं भरलेलं बिल घ्या. आधीच्या मालकाची सामाईक खर्चाची बाकी नव्या मालकाच्याही गळ्यात येऊ शकते, म्हणून ती विक्रेत्यानेच भरायची अशी अट खरेदीखतात लिहून घ्या. आई-वडील आहेत म्हणून लिफ्टचं लायसन्स चालू आहे का, तिच्या देखभालीचा करार कोणाच्या नावावर आहे आणि वीज गेल्यावर ती जवळच्या मजल्यावर येऊन दार उघडते का, हे एकदा मेन स्विच बंद करून बघा.